पांढरं सांदण

सांदण म्हटलं की आमच्या घरात एकच वस्तू. बरक्या फणसाचा रस, तांदळाची जाडसर कणी, गूळ आणि चिमूटभर मीठ कालवून मोदकपात्रात वाट्या लावायच्या. निघतं ते पिवळंधमक सांदण, नारळाच्या रसाशी खायचं. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात सांदण म्हणजे निराळंच. तिथे तांदूळ भिजवून वाटतात, पीठ फुगू देतात आणि मग वाफवतात. पांढरंशुभ्र, जाळीदार, बोटाने दाबलं तर हळूच वर येणारं. फणसाचा त्यात थेंब नाही. शब्द एक आणि वस्तू दोन. बाहेरच्या माणसाला ह्यात काय एवढं, असं वाटेल. पण माझ्या वडिलांची शेवटची इच्छा ह्या एका शब्दात अडकून राहिली, आणि घरात ते ठाऊक असलेला मी एकटा होतो.

स्वतःबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला चांगला माणूस समजायला नको. मी घुम्या. नको तिथे माझं तोंड सुटतं आणि हवं तिथे दातखीळ बसते. रागीटही आहे. त्या वर्षांत लोट्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होतो, खोली करून राहायचो, आणि शनिवारी संध्याकाळची एसटी धरून रत्नागिरीला घरी यायचो. लग्न झालेलं नव्हतं. घरी आई आणि अण्णा दोघंच. अण्णा म्हणजे माझे वडील.

अठ्ठ्याण्णव साली अण्णा कचेरीतून निवृत्त झाले. कारकुनी त्यांनी पोटासाठी केली, जीव सगळा रेडिओ आणि टेपरेकॉर्डरमध्ये. खाडीपलीकडे घरटी एक माणूस आखातात, म्हणून घरटी एक मोठा टू-इन-वन, आणि खाऱ्या हवेने तो वर्षा-दोन वर्षांत आजारी पडायचाच. कचेरीच्या खिडकीत अण्णांची तिकडच्या एका गृहस्थांशी ओळख झाली होती. बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, अण्णांच्याच वयाचे, आता घरी बसलेले. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला चाची. निवृत्तीनंतर अण्णा दर रविवारी सकाळी टेप दुरुस्त करायला तिकडे जाऊ लागले. मी घरी असलो की त्यांना स्कूटरवर मागे बसवून जेटीवर न्यायचो. तिथे स्कूटर लावायची आणि होडीने पलीकडे.

ते रविवार मला सुटे सुटे आठवत नाहीत. सगळे मिळून एकच लांबलचक सकाळ झाली आहे. पाणी चकाकतंय, होडीवाला वल्हं मारता मारता पेंगतोय, अण्णांच्या मांडीवर हत्यारांची पिशवी. मग जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून चाचांची पडवी. अण्णा पाय पसरून बसलेत, पुढ्यात उघडा टेप, बारीक स्क्रू एका बशीत. चाचा कुठल्याशा बंदरातली हकीकत सांगतायत, आणि अण्णा ती ऐकत नाहीत. घरातून वाफेचा वास येतोय. तांदळाचा, ओल्या नारळाचा आणि त्यामागून किंचित आंबूस. मी खांबाला टेकतो आणि माझे डोळे जड होतात. आठवडाभर कंपनीचा वास नाकात बसलेला असायचा, तो तिथे कधी निघून जायचा ते कळायचं नाही. झोप म्हणावी तर सगळं ऐकू येतंय, जाग म्हणावी तर हात उचलवत नाही.

आणि मग चाची ताटली घेऊन यायच्या. सांदणं गरम, त्यावर नारळाचा गोड रस. "तुमचं भांडं वेगळं आहे, त्याला दुसरं काही लागलेलं नाही," असं त्या दर वेळी सांगायच्या. त्यांची बोली मला लिहिता येत नाही, कानात मात्र तशीच आहे. अण्णा दर वेळी म्हणायचे, "अहो, राहू द्या हो." चाचा मिश्कीलपणे हळूच सांगायचे, "माडी घालून फुगवलंय हां पीठ." माडी म्हणजे माडाची ताडीच, पण अण्णा म्हणायचे, "ह्या कानाने मला कमी ऐकू येतं." हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवून ते सांदण बोटांनी तोडायचे, रसात बुडवायचे आणि डोळे मिटून खायचे. चार, कधी पाच. घरी अण्णा डोळे मिटून जेवत नसत. ते पाहिलं की मला आईसाठी उगाच वाईट वाटायचं.

आता हे घरी सांगायला काय हरकत होती, असं कुणी विचारेल. आमच्या घरात मोहल्ल्यातला चहा चालायचा, जेवण नाही. हा नियम कुणी केला म्हणाल तर कुणालाच सांगता आलं नसतं. चाची घरी आल्या तर आई त्यांना पाट द्यायची, चहा द्यायची, आंब्याच्या दिवसांत पिशवी भरून आंबे द्यायची. पण जेवणाची गोष्ट निघाली की दोन्हीकडची माणसं विषय बदलायची. दुसरं म्हणजे आईचा अभिमान. तिच्या हाताला चव होती हे आमच्या आळीत सगळ्यांना मान्य होतं. तिलाही होतं. कुणाकडे कार्य असलं तर आमटीत मीठ घालायला तिला बोलावणं यायचं, आणि मीठ घालून ती चव न घेता परत यायची. अशा बाईला जाऊन सांगायचं की तुमचे यजमान दर रविवारी दुसरीकडे डोळे मिटून जेवतात?

म्हणून अण्णा दोनदा जेवायचे. अकराला तिकडे आणि एकला इकडे. परतताना होडीत रुमालाने तोंड पुसायचे, आणि घरी पाटावर बसून आईचं रविवारचं जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत निमूट जेवायचे. "उगाच सांगत बसू नको रे," एवढंच एकदा मला म्हणाले. मला ती गंमत वाटायची. बापाचं एक गुपित आपल्याकडे आहे ह्याचं मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर अण्णांच्या पोटाची तक्रार सुरू झाली. तपासण्यांमधून जे निघालं ते पोटाच्या तक्रारीपेक्षा फार मोठं होतं. दोन महिन्यांत ते अंथरुणाला लागले. आई पेज करायची, मेतकूट-भात करायची, मुगाचं कढण करायची. चार चमचे गेले तर तिला दिवस चांगला वाटायचा. रोज सकाळी ती त्यांच्या उशाशी बसून विचारायची, "काय खावंसं वाटतंय?" आणि अण्णा रोज नको म्हणून मान हलवायचे.

पौषातल्या एका रविवारी मी घरी होतो. आईने तसंच विचारलं. अण्णा आढ्याकडे बघत म्हणाले, "सांदण."

आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. महिन्याभरात त्यांनी पहिल्यांदा तोंडाने काहीतरी मागितलं होतं. "पौषात फणस कुठून आणू, पण आणते," ती म्हणाली आणि तरातरा फोनकडे गेली. पौषात फणस नसतो हे कोकणात जन्म काढलेल्या अण्णांना कळत नव्हतं असं थोडंच आहे. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 

मला कळलं होतं. दोन शब्दांचं काम होतं, "ते नव्हे, पांढरं." पण आई बाहेर फोनवर लांज्याच्या मावशीशी इतक्या हौसेने बोलत होती की माझ्या तोंडून ते निघेना. मी मनात ठरवलं, पुढच्या रविवारी गुपचूप पलीकडे जाऊन चाचींकडून डबा आणायचा. आईची नजर चुकवून दोन घास भरवायचे. एक आठवडा तर मधे. दुपारच्या एसटीने मी लोट्याला निघून गेलो.

मावशीने एसटीच्या कंडक्टरबरोबर उन्हाळ्यात भरून ठेवलेला फणसाच्या रसाचा हवाबंद डबा पाठवला. बुधवारी आईने सांदण केलं. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण आईकडून इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच झालंय. अण्णांनी एक घास घेतला, तो तोंडात बराच वेळ धरला, आईकडे बघून म्हणाले, "छान झालंय हो." आणि वाटी बाजूला ठेवली. नंतर खातो म्हणाले. गुरुवारी सकाळी ते गेले.

कंपनीच्या गेटवर फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये डबा खात होतो. चवळीची उसळ होती. सुपरवायझरनी येऊन खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं. मी हो म्हणालो आणि उरलेली उसळ संपवली. सगळी, पोळीने पुसून. का, ते मला आजही सांगता यायचं नाही. एसटीत बसल्यावर आठवलं की येत्या रविवारी मला डबा आणायचा होता.

पहिल्या दिवशी शेजारून पिठलं-भात आला. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. पिठलं काही कडू नव्हतं, उलट चांगलंच झालं होतं, आणि ते चांगलं लागतंय ह्याची मला लाज वाटत होती. मग दहा दिवस घरात फोडणी नाही. नुसतं शिजवायचं आणि मीठ घालून गिळायचं. फोडणीचा चर्र आवाज नसलेलं स्वयंपाकघर किती परकं वाटतं ते तेव्हा कळलं. आई आत कोपऱ्यात बसून असायची. रडत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगायची. "सांदण मागितलंन्, आणि मला ते जमलं नाही. डब्यातला रस, त्याला वास येत होता."

तिसऱ्या दिवशी चाचा आणि चाची आले. चाचा अंगणातच उभे राहिले. चाचींच्या हातात डबा होता. त्यांच्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, आजूबाजूचे आणून देतात. "दादांना आवडायचं म्हणून सांदणं केली," त्या मला म्हणाल्या. अण्णांना त्या दादा म्हणायच्या. मी डबा घेतला. हाताला गरम लागला. आईला आत त्यातलं काही ऐकू गेलं नाही. दारात माझी आत्या होती, अण्णांची थोरली बहीण. ते दोघं पाखाडी उतरून गेल्यावर ती म्हणाली, "बाहेरच ठेव. गाईला घाल."

मी डबा घेऊन परसात गेलो. गाईपर्यंत पोचलो नाही. विहिरीच्या मागे, जिथे घरातून दिसत नाही, तिथे उभा राहून मी एक सांदण खाल्लं. मग दुसरं. रस बोटांवरून कोपरापर्यंत ओघळत होता. अण्णा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, तिथे आलं, आणि तोंडात घास असताना रडलं की माणूस गुदमरतो हेही समजलं. उरलेली गाईला घातली. डबा धुऊन चार दिवसांनी परत केला, रिकामाच. रिकामा डबा कुणी परत करत नाही, निदान साखर तरी घालतात. पण सुतकातल्या घरातून काय घालणार? चाचींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "आईनी खाल्लं का?" मी हो म्हणालो.

दहाव्याला आईने पहाटे उठून डब्यातल्या उरलेल्या रसाचं पुन्हा सांदण केलं आणि वाटीत घालून माझ्याबरोबर दिलं. खाडीच्या काठी विधी झाले, पिंड ठेवला, शेजारी सांदण ठेवलं. कावळे होते. माडावर चांगले सहा-सात बसले होते. आम्ही लांब होऊन उभे राहिलो. एक खाली उतरला, पिंडाभोवती चालला, मान वाकडी करून सांदणाकडे बघितलंन् आणि उडून गेला. मग कुणी येईना.

काका म्हणाले, "वहिनींना अंतर देणार नाही." कावळा नाही. मामा म्हणाले, "मुलाचं लग्न करून देऊ." कावळा नाही. ऊन चढायला लागलं. भटजींनी माझ्याकडे बघितलं. "काही राहिलंय का त्यांचं? मुलाने बोलावं." सगळे माझ्याकडे वळले. मला माहीत होतं काय राहिलंय. खाडी समोर होती, पलीकडचा मोहल्लाही दिसत होता, माडांतून थोडी कौलं दिसत होती. मी मनात म्हणालो, अण्णा, कळलंय मला, आणून देतो. मनातलं बोललेलं चालत नसावं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

आत्याने घरी पाऊल टाकताच आईला सगळं सांगितलं, सांदणालासुद्धा शिवला नाही म्हणून. काही माणसांच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. आणि माझ्या पोटात ते पुढे तीन वर्षं राहिलं.

त्या दिवसापासून आईचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. बोलायला सोपं आहे, बघायला फार वाईट होतं. आमटीत मीठ घालून चव न घेणारी माझी आई चमचाभर वरण तळहातावर घेऊन माझ्यामागे यायची. "बघ रे, मीठ बरोबर आहे?" भात मऊ झालाय का, ताक आंबलंय का, सगळं विचारायची. कार्याची बोलावणी तिने बंद केली. फणस खाणं सोडलं. पान वाढून बसून जेवणंही सोडलं. ओट्याशी उभी राहून, पातेल्यातच दही-भात कालवून चार घास खायची. "एकटीसाठी काय ताट मांडायचं?" मी असलो की म्हणायची, "तू जेव, माझं झालं." अंगावरचे ब्लाउज दोनदा शिवून आत घ्यावे लागले. आणि दर मे महिन्यात फणस आला की सांदण करायची. ताज्या रसाचं, उत्तम, बोट चाटावं असं. स्वतः न खाता मला विचारायची, "झालंय का रे?" झालंय म्हटलं तर तिला खरं वाटायचं नाही. अण्णाही छान झालंय म्हणाले होते.

सांगायला पाहिजे हे मला कळत होतं. एका वाक्यात तिच्या हातांवरचा डाग गेला असता. पण त्या वाक्यात अण्णांची चोरी होती, आणि गेलेल्या माणसाची चोरी कशी पकडून द्यायची? शिवाय माझी स्वतःची त्याहून मोठी. पहिल्या शिफ्टहून परतताना कंपनीच्या बसमध्ये मला डुलकी लागायची, आणि दुपारच्या त्या पिवळ्या उन्हात अण्णा दिसायचे. पडवीत बसलेले, तोंडात घास. मला काहीतरी सांगतायत, पण तोंड भरलेलं असल्यामुळे शब्द कळत नाहीत. मी म्हणतो, गिळा आधी. ते हसतात आणि आणखी एक सांदण तोडतात. ब्रेक लागायचा आणि मी जागा व्हायचो. बाहेर तीच धूळ, तीच चिमणी. खोलीवर जाऊन मी आंघोळ करायचो आणि ठरवायचो, ह्या शनिवारी सांगायचं. शनिवारी आई तळहातावर वरण घेऊन दारात उभी असायची.

शेवटी मी सांगितलं ते धीराने नाही, रागाने सांगितलं. दोन हजार चारच्या मे महिन्यातली रविवारची दुपार होती. मी पाटावर, आई ओट्याशी उभी. सांदण वाढलं होतं. "आज बरं झालंय," ती म्हणाली, "रस ताजा आहे ना. त्या वेळचा डब्यातला. वास यायचा त्याला. मी दोनदा गाळला होता तरी..."

"आई, पुरे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तुझं सांदण बिघडलं नव्हतं. त्यांना ते नकोच होतं. त्यांना पांढरं हवं होतं, मोहल्ल्यातलं. चाची करतात ते."

आईने डाव ओट्यावर ठेवला. बाहेर कुणाच्या तरी आगरात नारळ सोलत होते, त्याचा आवाज येत होता.

"तिथे खायचे?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"रिटायर झाल्यापासून. दर रविवारी."

"आणि वर माझ्याकडे जेवायचे?"

"हो."

 तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "तरीच," ती म्हणाली. "तरीच रविवारी दुसरा भात नको म्हणायचे. आणि मी मेली मागे लागायची, लिंबू-मिरे काय, आल्याचा रस काय. भूक लागत नाही म्हणून रविवारी औषध द्यायची मी त्यांना. घ्यायचे हो गुमान." असं हसता हसता तिचा आवाज फाटला आणि ती खाली बसली. अण्णा गेल्यानंतर तिला असं मोकळं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तुला त्या दिवशीच कळलं होतं?"

मी मान डोलावली.

"कळून तू लोट्याला गेलास?"

 त्यानंतर मी डबा आल्याचंही सांगितलं, गाईचंही, दहाव्याचंही. सगळं एकदाच ओकून टाकलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, उठली, माझ्यापुढचं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. जेवण अर्धं राहिलं होतं.  एसटीला निघालो तेव्हा एरवी डब्यात काहीतरी बांधून द्यायची, ते त्या दिवशी दिलं नाही. बरोबर केलंन् तिने.

पुढच्या शनिवारी मी जरा दबकतच घरात शिरलो. आईने पहिला प्रश्न विचारला, "डबा रिकामा परत केलास?"

"सुतक होतं ना."

"सुतक दहा दिवसांचं असतं. ही तीन वर्षं झाली." तिने फणसपोळ्यांचा गठ्ठा आणि कुळथाच्या पिठाची पिशवी माझ्यापुढे टाकली. "उद्या जाऊन दे. आणि सांग, आईने पाठवलंय." ती स्वतः मोहल्ल्यात गेली असं लिहिलं तर गोष्ट जास्त छान होईल, पण ती गेली नाही. चाचींचं सांदणही तिने कधी मागवलं नाही, घरी करूनही पाहिलं नाही. चाचींना मी त्या वस्तू दिल्या तेव्हा त्यांनी पुन्हा आईचंच विचारलं, आई बऱ्या आहेत ना, जेवतात ना. मी ह्या वेळी नुसता हसलो.

घरी परत आलो तर स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले. दोन ताटं. आईने माझं वाढलं आणि मग स्वतःचं वाढून घेतलं, डावी-उजवी बाजू नीट, वरणावर तूप. वरणाची चव बघायला तिने मला बोलावलं नव्हतं. ती समोर बसली, भाताचं आळं केलं आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "कशाशी खायचे ते?"

"नारळाच्या रसाशी. गोड."

"गूळ की साखर?"

"साखर. वेलची असायची."

"जायफळ नाही?"

"नाही वाटतं."

"किती खायचे?"

"चार. कधी पाच."

तिने पहिला घास घेतला. "सांग ना," ती म्हणाली. "नीट सांग. कुठे बसायचे, काय बोलायचे." तीन वर्षांत अण्णांबद्दल तिच्याकडे नवीन काहीच आलं नव्हतं. होतं तेच उगाळून तिने पार झिजवलं होतं. आणि आता अचानक तिच्या नवऱ्याचे अडीच वर्षांचे रविवार तिला मिळणार होते, तिने न पाहिलेले. मी सांगू लागलो. पडवी, बशीतले स्क्रू, चाचांच्या न ऐकलेल्या हकीकती, होडीत तोंड पुसायचा रुमाल. डोळे मिटून खायचे ते सांगावं की नाही ह्यावर मी जरा अडखळलो, पण सांगितलं. तिचा हात थोडा थांबला आणि परत चालू झाला. माडीचं मात्र मी आजवर सांगितलेलं नाही. तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

असे पुढे कितीतरी रविवार झाले. ती ताट वाढून बसायची आणि मी सांगायचं. पण अडीच वर्षांचे रविवार म्हणजे तरी किती? त्यातही मी निम्म्या वेळा पेंगत होतो. एका दुपारी आठवत होतं ते सगळं संपलं. मी गप्प झालो तशी तीही घास कालवायची थांबली. म्हणून मी बोलत राहिलो. एकदा चाचींनी कच्च्या पपईची भाजी केली होती, म्हटलं, अण्णांना इतकी आवडली की त्यांनी तीनदा मागून घेतली.

आईने घास हातातच धरला. "पपईला हे जन्मात शिवले नाहीत," ती म्हणाली.

मी मान खाली घालून ताक-भात कालवत राहिलो.

"असू दे," ती म्हणाली. "सांग पुढे."